शाळेचा प्रोजेक्टर: लावायचा कसा, अडला तर बघायचं काय

शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा गणपतीच्या मांडवात प्रोजेक्टर लावायचं काम बहुधा ज्याला ते कुणी शिकवलेलं नसतं त्याच्याच गळ्यात पडतं. पडद्यावर चित्र आलं नाही की 'प्रोजेक्टर गेला' असं म्हणून तो दुरुस्तीला पाठवायची घाई होते. प्रत्यक्षात गेलेली असते ती वायर, नाहीतर चुकलेलं असतं लॅपटॉपमधलं एखादं सेटिंग, नाहीतर जाळीत खडूची धूळ बसलेली असते. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे ती वारंवार लागेल: अडचण आली की आधी रिमोटवरचं 'मेनू' बटण दाबा. हा मेनू प्रोजेक्टर स्वतः काढतो, त्याला लॅपटॉप लागत नाही की वायर लागत नाही. मेनू पडद्यावर स्वच्छ, नीट रंगात दिसला तर प्रोजेक्टर ठणठणीत आहे आणि दोष त्याच्या मागे, वायरीत किंवा लॅपटॉपमध्ये आहे. मेनूसुद्धा पिवळट, डागाळलेला किंवा अंधुक दिसला तर दोष प्रोजेक्टरच्या आत आहे. एवढ्या एका बटणाने अर्धा शोध संपतो.

जागा ठरवणं

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात 'थ्रो रेशो' नावाचा आकडा असतो. पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, असा तो काढतात. वर्गात वापरतात त्या साध्या प्रोजेक्टरचा हा आकडा साधारण १.५ ते १.८ असतो. म्हणजे २ मीटर रुंद चित्र हवं असेल तर लेन्स पडद्यापासून ३ ते ३.६ मीटरवर हवी. मधला फरक झूमच्या कड्याने सांभाळता येतो. शॉर्ट थ्रो प्रकारात हा आकडा ०.५च्या आसपास असतो, त्यामुळे तेच चित्र एका मीटरवरून पडतं आणि शिकवणाऱ्याची सावली मध्ये येत नाही. विकत घेण्याआधी खोली मोजा आणि मग हा आकडा बघा. घेतल्यावर कळलं की प्रोजेक्टर भिंतीबाहेर ठेवावा लागतोय, तर त्यावर उपाय नाही.

चित्र मोठं करायचा मोह आवरा. २ मीटर रुंदीचं चित्र ३ मीटर केलं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि तोच उजेड तेवढ्या जास्त जागेवर पसरून फिका पडतो. खिडक्यांना पडदे असलेल्या वर्गात ३००० ते ३५०० एएनएसआय ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप, एएनएसआय म्हणजे ते ठरलेल्या प्रमाण पद्धतीने मोजलेलं) प्रोजेक्टर २ ते अडीच मीटर रुंदीला पुरतो. 'एएनएसआय' हा शब्द बघून घ्या. स्वस्त छोट्या एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर नुसतं 'ल्युमेन' लिहून मोठमोठे आकडे छापलेले असतात, त्यांचा खऱ्या उजेडाशी मेळ बसतोच असं नाही. वर्गातले सगळे दिवे घालवायची गरज नसते. पडद्याच्या डोक्यावरची ट्यूब तेवढी बंद करा, मागची चालू राहू द्या. मुलांना वही दिसते आणि चित्रही धुऊन जात नाही.

पडदा नसेल तर भिंत चालते, पण ती पांढरी, सपाट आणि बिनचकाकीची हवी. ऑइलपेंटच्या भिंतीवर मधोमध उजेडाचा चट्टा उठतो आणि नेमकी तिथली अक्षरं वाचता येत नाहीत.

आता नव्या माणसाची हमखास होणारी चूक. चित्र खाली पडतंय म्हणून प्रोजेक्टरच्या पुढच्या पायाखाली वह्या सरकवल्या जातात. नाक वर केलं की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होतं. मग ते सरळ करायला मेनूमधलं 'कीस्टोन' वापरलं जातं. कीस्टोन चित्राचा आकार सरळ दाखवतो, पण त्यासाठी चित्र आतल्या आत दाबून बसवतो. काही ठिपके वाया जातात आणि बारीक अक्षरं मऊ, फिसकटल्यासारखी दिसतात. त्यापेक्षा टेबल उंच करा, किंवा पडदा खाली घ्या. टेबलावरच्या बहुतेक प्रोजेक्टरांचं चित्र मुळातच लेन्सच्या उंचीपासून वर चढतं, म्हणून लेन्स साधारण चित्राच्या खालच्या कडेच्या पातळीत आली की प्रोजेक्टर सपाट ठेवूनही चित्र चौकोनी पडतं. डावी-उजवीकडेही तसंच: यंत्र पडद्याच्या मधोमध, पडद्याला काटकोनात. एवढं करून उरलाच थोडा तिरपेपणा, तर कीस्टोनला हात लावा.

छताला टांगायचा असेल तर यंत्र उलटं बसवतात आणि मेनूमध्ये प्रोजेक्शनच्या पर्यायात 'फ्रंट सीलिंग' निवडतात. मांडवात पडद्याच्या मागून चित्र टाकायचं असेल तर 'रिअर' निवडा, नाहीतर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी येतील. मागून टाकताना पडदा उजेड आरपार जाऊ देणारा लागतो. मागे काळा थर असलेला नेहमीचा पडदा चालत नाही.

वीज

दिव्याचा प्रोजेक्टर साधारण २५० ते ३५० वॅट खातो; नेमका आकडा खालच्या पट्टीवर छापलेला असतो. गावाकडच्या शाळेत व्होल्टेज वरखाली होतं आणि लाईट कधीही जाते. दिवा तापलेला असताना पंखा एकदम थांबला तर आतली उष्णता बाहेर पडत नाही. ती दिव्यालाही बाधते आणि आजूबाजूच्या प्लॅस्टिकच्या फिल्मनाही. १ केव्हीएचा यूपीएस लावा. त्यावर कार्यक्रम पुढे चालवायचा नाही. लाईट गेली की प्रोजेक्टर रीतसर बंद करून पंखा थांबेपर्यंत वीज पुरली, एवढंच त्याचं काम.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. दोन वेगळ्या सॉकेटच्या अर्थिंगमध्ये फरक असला की व्हीजीए वायरीतून (ही जुन्या पद्धतीची, १५ पिनांची, स्क्रूने आवळायची) पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकत राहतात आणि स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. खात्री करायला लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढा. पट्ट्या गेल्या तर दोष अर्थिंगचा, वायर बदलून काही होणार नाही.

जोडणी आणि चालू करणं

१. लेन्सचं झाकण काढा. आधी झाकण, मग बटण. दिव्याच्या उजेडाने बंद झाकण तापून वितळू शकतं.
२. एचडीएमआय किंवा व्हीजीए वायर दोन्हीकडे बसवा. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट करा.
३. प्रोजेक्टर चालू करा आणि उजेड येईपर्यंत अर्धा ते एक मिनिट थांबा. या काळात पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, काही यंत्रं त्यालाच बंद करायची आज्ञा समजतात.
४. मग लॅपटॉप चालू करा.
५. रिमोटवर 'सोर्स' किंवा 'इनपुट' दाबून तुम्ही ज्या खाचेत वायर घातली तीच निवडा. एचडीएमआय १ आणि एचडीएमआय २ वेगवेगळ्या असतात.
६. झूमच्या कड्याने आकार बसवा, मग फोकसच्या कड्याने अक्षरं धारदार करा. पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा फोकस बघा. लेन्स तापली की तो किंचित हलतो.

फोकस करताना फोटो लावू नका, अक्षरं लावा. 'क्ष'सारखी गाठीची अक्षरं बारीक आकारात टाका आणि पडद्याजवळ एका माणसाला उभं करून त्याच्या सांगण्यावरून कडं फिरवा. प्रोजेक्टरपाशी उभं राहून जे धारदार वाटतं ते जवळून बघितलं की पुष्कळदा तसं नसतं. मधलं अक्षर स्पष्ट आणि एका बाजूचं अस्पष्ट असेल तर यंत्र पडद्याला तिरपं आहे, कडं कितीही फिरवलं तरी ते सुटणार नाही.

चित्रच येत नाही

पंखा चालू आहे, पण पडदा काळा आहे. पहिल्यांदा 'ए/व्ही म्यूट' किंवा 'ब्लँक' बटण बघा. ते चुकून दाबलं गेलं की दिवा चालू राहून चित्र तेवढं झाकलं जातं. काही प्रोजेक्टरांवर लेन्सची सरकती झडपच हे काम करते आणि ती अर्धवट सरकलेली असते. चित्र आहे पण लॅपटॉपवर स्लाईड बदलली तरी पडद्यावर बदलत नाही, तर 'फ्रीझ' दाबलेलं आहे.

पडदा निळा आहे आणि 'नो सिग्नल' लिहून येतंय, म्हणजे प्रोजेक्टर वाट बघतोय आणि लॅपटॉप काही पाठवत नाहीये. विंडोज लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि पी दाबा. चार पर्याय येतील. 'डुप्लिकेट' निवडा, जे तुमच्या समोर तेच पडद्यावर. 'एक्स्टेंड' निवडलं गेलं की पडद्यावर नुसता वॉलपेपर दिसतो, आयकॉन एकही नाही, आणि आपली फाईल कुठे गेली म्हणून गोंधळ उडतो. ती गेलेली नसते. प्रोजेक्टरचा पडदा तेव्हा दुसरा, रिकामा मॉनिटर झालेला असतो. पॉवरपॉइंटमध्ये टिपणांसह असलेला पडदा मुलांना आणि मोठी स्लाईड तुम्हाला दिसत असेल, तर तिथेच 'स्वॅप'चा पर्याय आहे. मॅकवर डुप्लिकेट की एक्स्टेंड ही निवड डिस्प्लेच्या सेटिंगमधून होते.

तरीही नाही आलं तर वायर काढून पुन्हा घाला. एचडीएमआय जोडली की दोन्ही यंत्रांमध्ये आधी बोलणी होतात: मला अमुक रेझोल्यूशन (चित्रातले आडवे-उभे ठिपके) चालतं, असं प्रोजेक्टर कळवतो आणि लॅपटॉप त्याप्रमाणे चित्र पाठवतो. ही बोलणी अर्धवट राहिली की दोन्ही बाजू ठीक असून चित्र येत नाही. वायर काढा, दहा सेकंद थांबा, घाला. चित्र येऊन 'आउट ऑफ रेंज' म्हणत असेल तर लॅपटॉपचं रेझोल्यूशन कमी करा. जुन्या शाळांमधले बरेच प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चे आहेत, नंतरचे बहुतेक १२८० × ८०० चे.

यानंतर वायर बदलून बघा. वायर तपासायचा याहून खात्रीचा मार्ग नाही, म्हणून पिशवीत एक चालू असलेली, दीड-दोन मीटरची एचडीएमआय वायर कायम ठेवावी. लांब वायर हे वेगळं दुखणं आहे. साधी एचडीएमआय १० मीटरच्या पुढे गेली की चित्र मधेच जातं, पांढरे ठिपके चमकतात. छतापर्यंत १५ मीटर न्यायची असेल तर अॅक्टिव्ह किंवा फायबरची वायर घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, ते लॅपटॉपकडे. भिंतीत गाडायच्या आधी ती जमिनीवर पसरून तपासा.

कन्व्हर्टरलाही दिशा असते. एचडीएमआयचा लॅपटॉप व्हीजीए प्रोजेक्टरला जोडणारा डोंगल उलट्या कामाला, म्हणजे जुना व्हीजीए संगणक एचडीएमआय प्रोजेक्टरला जोडायला, चालत नाही. दुकानात मागताना 'कुठून कुठे' ते सांगा.

मोबाईलचं काय? टाइप-सी खाचेतून चार्जिंग होतं म्हणून चित्रही बाहेर येईल असं नाही. खाचेत डिस्प्लेपोर्टची, म्हणजे चित्र बाहेर पाठवायची, सोय असेल तरच येतं, आणि स्वस्त मोबाईलमध्ये ती बहुधा नसते. बिनवायरीचा मार्ग असला तरी कार्यक्रमाच्या दिवशी त्यावर भिस्त ठेवू नये.

एक अडचण मात्र बिघाडच नसते: सगळं नीट चालतंय, ओटीटीवरचा व्हिडिओ लावला की तेवढाच काळा पडतो आणि नुसता आवाज येतो. ती नकलेपासून संरक्षणाची व्यवस्था आहे. मध्ये व्हीजीए असेल किंवा ही व्यवस्था न कळणारा कन्व्हर्टर असेल तर असं होतं. त्यावर इलाज म्हणजे सरळ एचडीएमआय वायर.

रंग, ठिपके, डाग

व्हीजीएच्या टोकात १५ पिना असतात आणि त्यांतल्या पहिल्या तीन अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा रंग नेतात. म्हणून पांढरा कागद पडद्यावर कोणत्या रंगाचा दिसतो त्यावरून कुठली पिन सुटली ते सांगता येतं. पिवळा दिसला तर निळी गेली, गुलाबी-जांभळा दिसला तर हिरवी, आकाशी-हिरवट दिसला तर लाल. टोक काढून उजेडात धरा, एखादी पिन वाकून आडवी झालेली दिसेल. रिकाम्या रिफिलच्या टोकाने तिला हळूच उभी करा. पकडीने ओढलीत तर तुटेल. पिनांच्या रांगेत एखादी जागा रिकामी दिसली तर घाबरू नका, बऱ्याच वायरींत नववी पिन मुळातच नसते.

मेनूवरही डाग दिसत असेल तर आता आतला प्रकार ओळखायचा. प्रोजेक्टर एलसीडी (पॅनेलमधून उजेड आरपार जाणारा) आहे की डीएलपी (चिपवरच्या आरशांनी उजेड परतवणारा) ते माहितीपत्रकात बघा. एलसीडी प्रोजेक्टरमध्ये कडा विरलेला, करडा किंवा रंगीत धब्बा एकाच जागी राहत असेल आणि फोकस फिरवल्यावर तो धारदार होत असेल, तर धूळ आतल्या पॅनेलपाशी बसली आहे. पिवळा किंवा निळा मोठा पट्टा, खासकरून एका कोपऱ्याकडून पसरणारा, म्हणजे आतली पोलरायझर फिल्म (पॅनेलजवळची उजेड गाळणारी प्लॅस्टिकची पट्टी) उष्णतेने भाजली. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये चित्रभर चांदण्यांसारखे पांढरे ठिपके वाढत जात असतील, तर चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकले आहेत. त्या चिपवर लाखो आरसे असतात आणि एकेक ठिपका म्हणजे त्यांतला एक. ही तिन्ही कामं कारागिराची आहेत, घरी उघडून बसू नका. लेन्सवर बोटाचा ठसा असेल तर मात्र चित्र धुक्यातल्यासारखं दिसतं आणि ते स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने, लेन्स थंड असताना, पुसता येतं.

आवाज येत नाही

व्हीजीएतून आवाज जातच नाही, त्याला वेगळी ३.५ मिमीची वायर लागते. एचडीएमआयतून जातो, पण तो प्रोजेक्टरच्या छोट्या स्पीकरमध्ये जातो, तुमच्या मोठ्या स्पीकरमध्ये नाही. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या आवाजाच्या चिन्हावर टिचकी मारून तो कुठून काढायचा ते निवडा.

धूळ आणि उष्णता

चालता चालता प्रोजेक्टर आपोआप बंद पडतो, 'टेम्प'चा दिवा लुकलुकतो, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतो आणि पुन्हा पडतो. हे स्वतःला वाचवण्यासाठी यंत्राने केलेलं असतं. बहुतेक यंत्रं ३५ ते ४० अंश तापमानापर्यंत चालायची म्हणून बनवलेली असतात. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पत्र्याच्या छताच्या वर्गात छतालगतची हवाच त्याच्या वर जाते. अशा वेळी 'इको' मोड लावा, उजेड थोडा कमी होतो पण उष्णताही उतरते. जमलं तर तास सकाळी घ्या. हवेच्या जाळ्यांभोवती निदान ३० सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, आणि यंत्राखाली टेबलक्लॉथ किंवा सतरंजी नको. काही मॉडेलं हवा खालूनच ओढतात आणि कापड जाळीला चिकटतं.

पण मूळ शत्रू खडूची भुकटी. प्रोजेक्टर फळ्याजवळ असतो, डस्टर तिथेच झटकलं जातं आणि पंखा ती सगळी भुकटी फिल्टरवर ओढतो. फिल्टर भरला की हवा कमी, हवा कमी की दिवा तापतो. खडू वापरणाऱ्या वर्गात फिल्टर दर दोन आठवड्यांनी काढून बघा. माहितीपत्रकात लिहिलेले तास कमी धुळीच्या खोलीसाठी धरलेले असतात.

यंत्र बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर फिल्टरचं झाकण सरकवा. तोंड खाली करून चार-पाच वेळा हलक्या हाताने आपटा, मग मऊ ब्रशने घडीघडीतली भुकटी काढा. वर्गाबाहेर नेऊन झाडा. कागदासारखा घड्यांचा फिल्टर धुऊ नका, ओला झाला की कामातून गेला. फोमचा असेल आणि माहितीपत्रकात धुवायला सांगितलं असेल तर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून मगच बसवा. जाळीतली धूळ काढायला कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो तो रबरी फुगा वापरा. दाबलेल्या हवेचे स्प्रे डबे नकोत: त्यांतला वायू पुष्कळदा पेट घेणारा असतो आणि तापलेल्या दिव्यापाशी त्याचा भडका उडू शकतो.

दिवा

जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो. त्याचं आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास, इकोमध्ये आणखी जास्त; तो आकडा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा असतो. मेनूमध्ये 'इन्फो'खाली झालेले तास दिसतात, ते वहीत लिहून ठेवा.

लाईट जाऊन दोन मिनिटांत आली आणि दिवा पेटत नाही, तर तो गेला असं समजू नका. तापलेल्या दिव्यात वाफेचा दाब इतका असतो की ठिणगी पडतच नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पेटेल.

बदलायचा असेल तर तासभर थंड होऊ द्या. नुसता बल्ब स्वस्त मिळतो, पण तो चौकटीत मिलिमीटरच्या मापाने बसवावा लागतो. नव्या माणसाने चौकटीसकट घ्यावा. काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल तापून काचेला तिथे तडा जातो. झाकणाचा स्क्रू पुरता आवळा. झाकणाखाली एक खटका असतो, तो दाबला गेला नाही तर प्रोजेक्टर चालूच होत नाही आणि नवा दिवा खराब निघाला असं वाटतं. शेवटी मेनूत तास शून्यावर आणा. फट् असा आवाज होऊन दिवा फुटला तर मुलांना लगेच बाहेर काढा, खिडक्या उघडून अर्धा तास खोली मोकळी ठेवा. फुटका दिवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा. एलईडी आणि लेसर प्रोजेक्टरांना हा सगळा व्याप नाही. त्यांचं आयुष्य साधारण २०,००० तासांचं सांगितलेलं असतं. चालू प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये मुलांनी डोकावून बघायचं नाही, हे मात्र तिन्ही प्रकारांना लागू.

बंद करताना आणि सुट्टीत

बंदचं बटण, 'खात्री आहे का' विचारल्यावर पुन्हा तेच बटण, मग पंखा थांबेपर्यंत वाट, मग प्लग. पंखा फिरत असताना यंत्र पिशवीत कोंबू नका.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी रिमोटमधले सेल काढा, नाहीतर ते पाझरून आतल्या पट्ट्या गंजतात. जूनमध्ये पहिल्यांदा लावताना रिमोट चालतोय का ते मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघता येतं: रिमोटचं टोक कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबलं की स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकतो, मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढच्यात बघा. वायर पूर्ण लांबी हातातून सरकवत उंदराने कुठे कुरतडली आहे का ते चाचपा, जाळीतून टॉर्च मारून आत पाल, झुरळ किंवा मुंग्यांचं घर नाही याची खात्री करा आणि मगच प्लग घाला.